ओढा स्वच्छ हवा असेल तर सुरुवात छपरापासून: पावसाच्या पाण्यातून येणारी घाण वस्तीनं मिळून कशी रोखावी

ओढ्याकाठी जमून प्लास्टिक गोळा करणं हे चांगलं काम आहे, ते सोडू नका. पण पिशव्या आणि बाटल्या दिसतात म्हणून आपण त्या उचलतो. ओढ्याचा जीव ज्यानं जातो, ते बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतच नाही. ते काठावरून येत नाही, वरून येतं: छपरांवरून, रस्त्यांवरून, वाहनतळांवरून, बांधकामाच्या उघड्या मातीवरून, आणि प्रत्येक पावसात नव्यानं येतं. म्हणून हा लेख ओढ्यापासून सुरू होत नाही. थेंब जिथं पडतो, तिथून सुरू होतो.

ज्या जमिनीवर पडलेलं पाणी उतारानं वाहत एकाच ओढ्याला मिळतं, ती सगळी जमीन म्हणजे त्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र. तुमचं घर ओढ्यापासून दोन किलोमीटर दूर असलं तरी तुम्ही कुठल्या ना कुठल्या पाणलोटातच राहता.

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. रस्त्याकडेच्या जाळीतून खाली गेलेलं पाणी शुद्धीकरण केंद्रात जातं असं पुष्कळांना वाटतं. बहुतेक ठिकाणी ते जात नाही. घरातलं सांडपाणी वाहून नेणारी वाहिनी वेगळी असते आणि पावसाळी गटार वेगळं. पावसाळी गटारातलं पाणी जसं आहे तसं जवळच्या ओढ्यात किंवा तळ्यात सुटतं. काही जुन्या शहरांत दोन्ही पाणी एकाच वाहिनीतून जातं. तिथं मोठ्या पावसात वाहिनी भरून वाहते आणि मैला मिसळलेलं पाणी थेट नदीत जातं. तुमच्या भागात यातली कोणती व्यवस्था आहे हे स्थानिक प्रशासनाच्या पाणी किंवा मलनिःसारण विभागात विचारून घ्या. कोणतीही असली तरी पुढची कामं बदलत नाहीत.

पायरी १: भर पावसात चाला

नकाशे, बैठका, गट हे सगळं नंतर. आधी चार-पाच जण छत्र्या घेऊन पावसात बाहेर पडा. आठवडाभर कोरडं गेल्यावर येणारी पहिली जोरदार सर सगळ्यात बोलकी असते. मधल्या दिवसांत जमिनीवर साचलेली धूळ, टायरचा चुरा, ब्रेक झिजून पडलेली धातूची भुकटी, तेलाचे थेंब, थोटकं, जनावरांची विष्ठा हे सगळं पहिल्या अर्ध्या तासात धुऊन निघतं.

मी पहिल्यांदा अशी बाहेर पडले तेव्हा एकाच घराच्या पन्हाळीच्या मागे लागले. छपराचं पाणी पाइपातून फरशीवर, फरशीवरून रस्त्यावर, रस्त्याच्या कडेनं जाळीपर्यंत. सगळ्या वाटेत त्याला मातीचा एक हातभर तुकडाही भेटला नाही. जाळीपाशी काचेची बरणी धरली, भरली, घरी आणून टेबलावर ठेवली. सकाळी तळाशी काळ्या, बारीक गाळाचा थर बसला होता आणि वर तेलाचा पातळ तवंग. त्या बरणीनं जेवढी माणसं कामाला जोडली, तेवढी कुठल्याच भाषणानं जोडली नाहीत.

तुम्हीही तीन बरण्या न्या. एक छपराच्या पाइपाखाली भरायची, दुसरी रस्त्याच्या जाळीपाशी, तिसरी गटार जिथं ओढ्यात सुटतं तिथं. प्रत्येकीवर जागा, तारीख आणि वेळ लिहा. पाऊस सुरू होऊन किती मिनिटं झाली तेही लिहा. ही शेवटची नोंद हमखास राहून जाते आणि पुढं तुलना करताना तिचीच गरज पडते.

पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर लगेच तेल म्हणून नोंद करू नका. काडीनं तो हलवा. तवंगाचे काचेसारखे तुकडे पडले आणि तुकडेच राहिले, तर तो लोहजिवाणूंचा, नैसर्गिक. काडीभोवती फिरून पुन्हा एक झाला, तर ते तेल.

हातमोजे घाला. वाहत्या पाण्यात पाय घालू नका. जोरात वाहणारं वीतभर पाणीही मोठ्या माणसाला पाडू शकतं. मॅनहोलचं झाकण उघडून आत डोकावणं, उतरणं हे कोणत्याही कारणासाठी, कधीही करायचं नाही. आतल्या वायूनं माणसं मरतात, आणि वाचवायला उतरलेलीही मरतात.

पायरी २: पाणी कुठून कुठं जातं याचा नकाशा

समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा मिळवा. तुमचा ओढा मोठ्या प्रवाहाला जिथं मिळतो तिथं पेन्सिल टेकवा आणि दोन्ही बाजूंनी उंचवट्यांच्या माथ्यावरून रेघ ओढत वर जा, दोन्ही रेघा वरच्या टोकाला मिळेपर्यंत. आतली जमीन म्हणजे तुमचं क्षेत्र. शहरात यात एक गोम आहे: जमिनीखालची गटारं कधी कधी माथा ओलांडून पलीकडचं पाणी अलीकडे आणतात. म्हणून पावसाळी गटारांचा नकाशाही मागून घ्या आणि पावसातल्या फेरीत जे प्रत्यक्ष पाहिलं ते त्यावर उतरवा. कागद आणि जमीन यांत फरक निघाला तर जमिनीवर विश्वास ठेवा.

मग पाणी न जिरवणारा सगळा भाग रंगवा: छपरं, डांबर, काँक्रीट. झाडोऱ्याच्या जमिनीवर पडलेल्या पावसाचा ढोबळमानानं दहावा हिस्सा वाहून जातो. दाट बांधकामाच्या भागात निम्म्याहून अधिक जातो. पाणलोटाचा १० टक्क्यांच्या आसपास भाग असा झाकला गेला की ओढ्याची तब्येत बिघडू लागते आणि २५ टक्क्यांपुढे ती सावरणं फार कठीण होतं, असं शहरी ओढ्यांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. घाण नसली तरी नुसत्या पाण्याच्या लोंढ्यानंच काठ खचतात आणि तळ खरवडला जातो.

एक हिशेब पाठ करून ठेवा: १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १०० चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २,५०० लिटर. हा आकडा घेऊन नकाशावरची मोठी छपरं आणि वाहनतळ शोधा. शाळा, सभागृह, गोदाम अशा एकाच इमारतीचं पाणी वळवलं तरी वीस घरांचं काम होतं.

पायरी ३: कोरड्या दिवशी गटारांची तोंडं तपासा

तीन दिवस पाऊस नसताना पावसाळी गटाराच्या तोंडातून पाणी येत असेल, तर ते कुठून येतं हे शोधायलाच हवं. झरा असू शकतो, फुटलेला नळ असू शकतो, चुकून जोडलेलं सांडपाणीही असू शकतं. वास, रंग, फेस, तोंडाशी वाढलेलं करडं बुळबुळीत शेवाळ, सगळं लिहा आणि फोटो काढा.

स्वस्तातली एक युक्ती आहे. रसायनं न लावलेल्या साध्या कापसाची गादी जाळीच्या पिशवीत घालून गटाराच्या तोंडाशी चार-पाच दिवस बांधून ठेवा. मग धुऊन, वाळवून अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरा. कपडे धुण्याच्या पावडरीत उजळपणासाठी रसायनं घालतात, ती कापसाला चिकटतात आणि निळसर चमकतात. गादी चमकली तर घरातलं सांडपाणी पावसाळी गटारात शिरतंय हे जवळजवळ नक्की. सोबत कोरी गादीही तपासा, नाहीतर आधीच चमकणारा कापूस तुम्हाला फसवेल.

आम्हाला अशी एक गादी चमकलेली मिळाली. माग काढत गेलो तेव्हा कळलं, एका घराच्या धुलाई यंत्राचा पाइप दुरुस्तीच्या वेळी चुकीच्या वाहिनीला जोडला होता. घरच्यांना याची कल्पनाच नव्हती. कळलं तेव्हा ते आमच्याइतकेच अस्वस्थ झाले आणि आठवड्याभरात पाइप बदलून घेतला. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: दार वाजवताना आरोप घेऊन जाऊ नका, माहिती घेऊन जा. जिथं कारखान्याचं किंवा मोठ्या मैल्याचं पाणी दिसेल तिथं मात्र स्वतः माग काढू नका. तारीख, वेळ, जागा आणि फोटोसह प्रदूषण पाहणाऱ्या यंत्रणेकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

पायरी ४: घाण जिथं तयार होते तिथंच थांबवा

यातली बरीच कामं घरातल्या घरात होतात. गाडी रस्त्यावर न धुता हिरवळीवर किंवा मातीवर धुवा. गळणारं इंजिन दुरुस्त करा; सांडलेल्या तेलावर पाणी न मारता भुसा किंवा कोरडी माती टाका, झाडून वेगळं भरा. रंगाचे ब्रश जाळीपाशी धुऊ नका. पाळीव कुत्र्याची विष्ठा उचला. खत टाकण्याआधी मातीची तपासणी करून घ्या आणि पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी खत टाकू नका, कारण ते झाडाला मिळण्याऐवजी ओढ्यातल्या शेवाळाला मिळतं.

पानगळीकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही. पानं नैसर्गिक आहेत, त्यांनी काय बिघडणार, असं वाटतं. जंगलात काही बिघडत नाही. डांबरावर पडलेली पानं मात्र पावसात भिजून फॉस्फरस, म्हणजे खतासारखंच शेवाळाला पोसणारं द्रव्य सोडतात आणि तो थेट गटारात जातो. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात पानगळीच्या दिवसांत रस्त्यावरची पानं प्रत्येक पावसाआधी उचलून पाहिली, तेव्हा वाहून जाणारा एकूण फॉस्फरस ८४ टक्क्यांनी कमी झाला. पानं उचलायला साधा झाडूही चालतो. वस्तीनं ठरवून प्रत्येक जाळी एकेका घराला दत्तक द्या. पावसाचा अंदाज आला की त्या घरानं जाळीभोवतीची पानं आणि कचरा उचलायचा. पानं खतखड्ड्यात घाला. ढीग ओढ्याच्या काठावर लावू नका.

बांधकामाची उघडी माती हा दुसरा मोठा स्रोत. गढूळ पाण्यात माशांची अंडी गाळाखाली गुदमरतात आणि गाळाला चिकटून इतर घाणही प्रवास करते. जागेच्या खालच्या अंगाला गाळ अडवणारं कापड जमिनीत गाडून लावलेलं आहे का, मातीचे ढीग झाकलेले आहेत का, ट्रक बाहेर पडतात त्या वाटेवर खडी अंथरली आहे का, एवढं पाहायला तज्ज्ञ लागत नाही.

पायरी ५: पाण्याला मातीत उतरायची वाट द्या

झाडून, पुसून सगळंच थांबत नाही. याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात प्युजेट साउंड या खाडीच्या आसपासच्या शहरी ओढ्यांत अंडी घालायला परतलेले कोहो सामन मासे पाऊस झाला की काही तासांत गरगरत मरून पडायचे, पोटात अंडी तशीच. कित्येक वर्षं कारण सापडत नव्हतं. २०२० च्या अखेरीस संशोधकांनी ते जाहीर केलं. टायर लवकर तडकू नये म्हणून रबरात घालतात ते ६पीपीडी नावाचं रसायन हवेतल्या ओझोनशी मिळून ६पीपीडी-क्विनोन बनतं, आणि ते या माशांना अत्यल्प प्रमाणातही मारतं. टायर झिजणं कोण थांबवणार? पण रस्त्याचं तेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या मिश्रणातून झिरपवून घेतलं तेव्हा त्यात मासे जगले.

झिरपणाऱ्या मातीची ही ताकद अंगणात आणायची साधी रचना म्हणजे पर्जन्यबाग. ती १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत आकाराला आली. उथळ खोलगट वाफा, त्यात पाणी सोसणारी झाडं, आणि छपराचं किंवा अंगणाचं पाणी आत वळवलेलं, इतकंच. धावतं पाणी चालायला लावावं, चालतं थांबवावं, थांबलेलं जिरवावं, हे पाणलोटाच्या कामातलं जुनं सूत्रच इथं लहान मापात येतं.

जागा निवडताना घाई करू नका. घराच्या पायापासून किमान ३ मीटर दूर, शोषखड्ड्यापासून दूर, मोठ्या झाडाच्या मुळांवर नको, तीव्र उतारावर नको. खाली वीज, गॅस किंवा पाण्याच्या वाहिन्या नाहीत याची खात्री करा. आधीच पाणी साचून राहतं ती जागा सोयीची वाटते, पण टाळा. तिथं माती पाणी घेत नाही म्हणूनच ते साचतं. इंधन भरण्याच्या किंवा गाड्या दुरुस्तीच्या जागेचं पाणी बागेत कधीच वळवू नका, नाहीतर ते भूजलात उतरेल.

मग झिरप तपासा. ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणा, पाण्यानं भरा, पूर्ण जिरू द्या. पुन्हा भरा आणि पट्टी उभी करून ताशी किती उतरतं ते पाहा. पहिल्या भरण्याचं माप धरायचं नाही, कारण कोरडी माती आधी अधाशासारखी पाणी पिते. ताशी २.५ सेंटिमीटर किंवा अधिक असेल तर उत्तम. सव्वा सेंटिमीटरहून कमी असेल तर दुसरी जागा पाहा किंवा माती बदलून तळाशी निचऱ्याचा पाइप घालावा लागेल.

आकाराचा हिशेब वरच्याच उदाहरणावरून करू. २,५०० लिटर म्हणजे २.५ घनमीटर. पाणी १५ सेंटिमीटर उभं राहील अशी बाग केली तर सुमारे १७ चौरस मीटर लागतात. एवढी जागा नसेल तर लहान करा. पहिल्या धुवणीचं पाणी अडलं तरी सगळ्यात घाण हिस्सा अडतो.

खणताना बागेची लांब बाजू उताराला आडवी ठेवा. तळ सपाट हवा. पाणसळीनं तपासा, कारण तळ कलता राहिला तर सगळं पाणी एका कोपऱ्यात जमतं. निघालेल्या मातीचा खालच्या अंगाला बुटका बांध घाला आणि त्याच्या एका जागी सांडव्यासाठी खाच ठेवून दगड बसवा, म्हणजे मोठ्या पावसात जादा पाणी बांध न फोडता ठरल्या वाटेनं जाईल. पाणी आत येतं तिथंही दगड. चिकणमाती असेल तर निम्म्याहून थोडी अधिक वाळू आणि उरलेल्यात चांगली माती व थोडं कंपोस्ट असं मिश्रण भरा. कंपोस्ट मात्र हात राखून घाला, जास्त झालं तर त्यातूनच फॉस्फरस बाहेर पडू लागतो. आणि ओल्या मातीत खणू नका, तळावर उभे राहू नका. दहा माणसांच्या पायांनी दाबलेला तळ पाणी घेत नाही. आमच्या पहिल्या बागेचं असंच झालं: उत्साहात सगळे आत उतरलो, माती तुडवली, आणि पुढच्या पावसाचं पाणी चार दिवस उभं राहिलं. तळ पुन्हा पहारीनं भुसभुशीत करावा लागला.

तळाला ओलं आणि कोरडं दोन्ही सोसणारी, कडेला कोरडं आवडणारी, खोल मुळांची स्थानिक झाडं लावा. वर लाकडाच्या जाडसर तुकड्यांचं ५ ते ७ सेंटिमीटर आच्छादन करा. हलका भुसा पाण्यावर तरंगून निघून जातो. डासांची भीती हमखास कुणीतरी बोलून दाखवेल आणि ती रास्त आहे. डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठवडा लागतो. तुमची बाग एक-दोन दिवसांत कोरडी होते हे मोजून दाखवा.

बाग शक्य नसेल तिथं पन्हाळीचा पाइप फरशीवरून काढून झाडांच्या आळ्याकडे वळवणं, वाहनतळाच्या कडेला गवताचा उथळ चर खणणं, पाणी साठवायला झाकणाचं पिंप ठेवणं, एवढं तरी होतंच. पिंप दोन पावसांच्या मध्ये रिकामं करा. भरलेलं पिंप पुढचा पाऊस घेत नाही.

पायरी ६: काठ मोकळा आणि हिरवा

काठापर्यंत गवत कापू नका, काठावर काँक्रीट ओतू नका. जमेल तितका रुंद पट्टा स्थानिक झाडं, झुडपं आणि उंच गवताला सोडा. १० मीटर मिळाले तर चांगलं, ३० मिळाले तर फार चांगलं, आणि दोनच मिळत असतील तर दोन सोडा. सावलीनं पाणी थंड राहतं आणि थंड पाण्यात प्राणवायू अधिक मावतो.

पायरी ७: काम सुरू करण्याआधी मोजा

हे सातव्या क्रमांकावर लिहिलं असलं तरी करायचं पहिल्या महिन्यापासून. आधीची नोंद नसेल तर सुधारणा झाली की नाही हे कधीच सांगता येणार नाही. ठरावीक दोन-तीन जागा, महिन्यातून एकदा, शक्यतो एकाच वेळी: तापमान, सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचं माप), गढूळपणा आणि विरघळलेला प्राणवायू. साध्या तपासणी संचानं हे जमतं. सामू ६.५ ते ८.५ मध्ये असावा. प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक माशांना त्रास होतो आणि २ च्या खाली फारसं काही जगत नाही. प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो, म्हणून आज दुपारी आणि पुढच्या महिन्यात सकाळी मोजलेले आकडे शेजारी ठेवू नका.

माझा मात्र रसायनांपेक्षा किड्यांवर अधिक भरवसा आहे. पाण्याचा नमुना एका क्षणाचं सांगतो, दगडाखालचा किडा महिनोन्‌महिने तिथं राहिलेला असतो. ओढ्यातला दगड हलकेच उचला, पांढऱ्या ताटलीत पाण्यानं धुवा आणि पाहा. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय यांच्या अळ्या आणि पिल्लं दिसली तर पाणी चांगलं. नुसत्या लाल अळ्या आणि गाळातले बारीक गांडुळासारखे किडे उरले असतील तर पाण्यात प्राणवायू कमी आहे. मोजून झाल्यावर दगड होता तसा, त्याच बाजूनं परत ठेवा. मुलं हे काम मोठ्यांपेक्षा चांगलं करतात. फक्त मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस कुणालाच पाण्यात हात घालू देऊ नका, तेव्हा जंतू सर्वाधिक असतात.

पायरी ८: माणसं, परवानग्या आणि देखभाल

सुरुवातीला मोठी संस्था नको. एक जण नकाशा सांभाळणारा, एक नोंदवही, एक प्रशासनाशी बोलणारा आणि एक देखभालीचं वेळापत्रक पाहणारा, इतकं पुरे. सार्वजनिक जागेत खणायचं, झाडं लावायची किंवा जाळीशेजारी ‘हे पाणी थेट ओढ्यात जातं’ असं रंगवायचं, तर लेखी परवानगी आधी घ्या. पहिली बाग लोकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर करा, शाळेत किंवा ग्रंथालयात. ती पाहून दुसरी आपोआप मागितली जाते.

बहुतेक प्रयत्न खणताना फसत नाहीत, दुसऱ्या वर्षी फसतात, जेव्हा फोटो काढून झालेले असतात आणि तण वाढलेलं असतं. म्हणून बाग करण्याआधीच तिची देखभाल कोण करणार त्यांची नावं लिहून घ्या. नावं मिळाली नाहीत तर बाग लहान करा. पहिल्या वर्षी कोरड्या दिवसांत पाणी घाला आणि तण काढा. दर मोठ्या पावसानंतर पाणी किती तासांत जिरलं ते वहीत लिहा. हा आकडा वाढत चालला असेल तर तोंडाशी गाळ बसला आहे. वरचा दोन-तीन सेंटिमीटर थर खरवडून काढा आणि आच्छादन बदला.

वर्षानंतर, पुन्हा कोरड्या आठवड्यानंतरची पहिली सर येईल तेव्हा त्याच जाळीपाशी, पाऊस सुरू झाल्यापासून तितक्याच मिनिटांनी तीच बरणी भरा. रात्रभर ठेवा आणि सकाळी गाळाच्या थराला पट्टी लावून आकडा जुन्या आकड्याशेजारी लिहा.